यकृत प्रत्यारोपण : सर्जनचे काम आणि जबाबदारी

निकामी झालेले यकृत काढून त्या जागी दुसऱ्या माणसाचे संपूर्ण यकृत किंवा त्याचा एक भाग बसवणे, याला यकृत प्रत्यारोपण म्हणतात. मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण डायलिसिसच्या आधारे वर्षानुवर्षे जगू शकतो. यकृताच्या बाबतीत तशी सोय नाही. त्याची सगळी कामे दीर्घकाळ करू शकेल असे यंत्र अजून बनलेले नाही. त्यामुळे यकृत पुरते थकले की प्रत्यारोपणाखेरीज दुसरा उपाय उरत नाही. ही शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे काम ऑपरेशन थिएटरपुरते नसते. प्रत्यारोपण कोणाचे करायचे, केव्हा करायचे आणि यकृत कोणाचे घ्यायचे, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. पुढे रुग्ण हयात असेतोवर हा संबंध टिकतो. भारतात बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात. म्हणजे सर्जनच्या हाती एकाच दिवशी दोन माणसांचे जीव असतात. त्यांतला एक मरणाच्या दारात असतो आणि दुसरा धडधाकट. ज्याला काहीही झालेले नाही त्याचे पोट उघडायचे आणि त्याला सुखरूप घरी पाठवायचे, ही या कामातली सर्वांत मोठी जबाबदारी होय.

या शस्त्रक्रियेची शक्यता आणि तिच्या अडचणी, दोन्ही यकृताच्या रचनेत आहेत. प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते आणि उजव्या बरगड्यांच्या आड बसलेले असते. त्याला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले यकृताच्या धमनीतून. मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त या अवयवातून वाहते. ते तीन मोठ्या शिरांवाटे महाशिरेत जाते, तर यकृतात तयार झालेले पित्त पित्तनलिकेवाटे आतड्यात उतरते. १९५७ मध्ये क्लोद क्वीनो या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने यकृताचे आठ खंड दाखवून दिले. प्रत्येक खंडाला रक्ताची आणि पित्ताची स्वतंत्र शाखा असते. म्हणूनच यकृत ठरावीक रेषेवर विभागता येते आणि दोन्ही भाग कामाचे राहतात. त्याला जोड मिळते ती या अवयवाच्या वाढीच्या ताकदीची. कापून काढलेला भाग पुन्हा उगवत नाही. पण मागे राहिलेला भाग काही आठवड्यांत इतका वाढतो की त्याचे आकारमान मूळच्या जवळ जाते. दाता आणि रुग्ण या दोघांच्याही शरीरात हीच वाढ होते. जिवंत दात्याकडून होणारे सगळे प्रत्यारोपण या एका गुणावर उभे आहे.

प्रत्यारोपणापर्यंत पोहोचणाऱ्या रुग्णांत सिरोसिसचे रुग्ण सर्वांत जास्त असतात. दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह व लठ्ठपणाबरोबर येणारे चरबीयुक्त यकृत, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर केलेला हल्ला, अशी त्याची अनेक कारणे आहेत. कारण कोणतेही असो, वर्षानुवर्षे सुजत आणि भरत राहिलेले यकृत शेवटी कडक व गाठाळ होते. पोटात पाणी साठते, अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताच्या उलट्या होतात, कावीळ हटत नाही, अमोनियासारखी विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचून रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागतो. लहान मुलांत मुख्य कारण म्हणजे बिलिअरी अट्रेझिया. यात बाळाच्या पित्तनलिका जन्माच्या सुमारासच बंद झालेल्या असतात. जपानचे मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात शोधलेली शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर काही मुले तरतात, पण त्यांतल्याही अनेकांना पुढे प्रत्यारोपण लागते. तिसरा गट आहे अचानक यकृत बंद पडणाऱ्यांचा. हिपॅटायटिस ए किंवा ई, क्षयरोगावरची औषधे, उंदीर मारण्याच्या पेस्टमधील पिवळा फॉस्फरस यांमुळे आठवड्यापूर्वी ठणठणीत असलेला तरुण बेशुद्धीत जातो आणि निर्णयासाठी हाताशी जेमतेम एक-दोन दिवस असतात. यकृताच्या कर्करोगात मात्र मर्यादा पाळावी लागते. इटलीच्या विन्चेन्झो माझाफेरो यांनी १९९६ मध्ये मांडलेले मिलान निकष आजही पायाभूत मानले जातात : पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, किंवा प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी, आणि रक्तवाहिन्यांत किंवा यकृताबाहेर पसरलेला रोग नसणे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास अपयशापासून सुरू होतो. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी माणसातले पहिले यकृत प्रत्यारोपण केले. रुग्ण तीन वर्षांचे मूल होते आणि रक्तस्राव न थांबल्याने ते टेबलावरच दगावले. त्यानंतरचे रुग्णही काही आठवड्यांपलीकडे जगले नाहीत, तेव्हा स्टार्झल यांनी काम थांबवले, प्रयोगशाळेत परत जाऊन पद्धत सुधारली आणि १९६७ मध्ये पुन्हा सुरुवात केली. त्या वर्षी शस्त्रक्रिया झालेली एक लहान मुलगी वर्षाहून अधिक काळ जगली. १९६८ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथे रॉय काल्न यांनी हेच काम हाती घेतले. तरीही पुढे दहा वर्षे निम्म्याहून अधिक रुग्ण पहिल्या वर्षातच जात. शिवणकाम जमले होते. परके यकृत शरीर स्वीकारत नव्हते. एका बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिनने हे चित्र पालटले. काल्न यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि स्टार्झल यांनी १९८० पासून ते वापरले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर गेले आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ-परिषदेने यकृत प्रत्यारोपण हा प्रयोग नसून मान्य उपचार असल्याचा निर्वाळा दिला. पुढे जपानच्या त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले टॅक्रोलिमस आले. ते १९८९ मध्ये पिट्सबर्गला प्रथम रुग्णांना देण्यात आले आणि आज जगभर तेच मुख्य औषध आहे.

दुसरी अडचण होती अवयवांची, आणि ती लहान मुलांच्या बाबतीत जास्त तीव्र होती, कारण बाळाच्या पोटात मोठ्या माणसाचे यकृत मावत नाही. फ्रान्सचे आन्री बिस्म्युथ यांनी १९८४ मध्ये यकृत कापून लहान करून बसवले. जर्मनीचे रुडॉल्फ पिखल्मायर यांनी १९८८ मध्ये एकाच यकृताचे दोन भाग करून दोन रुग्णांना दिले. जिवंत दात्याकडून भाग घेण्याचा पहिला प्रयत्न त्याच वर्षी ब्राझीलमध्ये सिल्वानो राया यांनी केला. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला यशस्वीपणे बसवला. मोठ्या माणसाला मात्र डावा छोटा भाग पुरत नाही. हाँगकाँगचे शंग-टाट फान यांच्या पथकाने १९९६ मध्ये उजवा मोठा भाग घेण्याची पद्धत आणली आणि मरणोत्तर अवयवदान ज्या समाजांत कमी होते, त्या सगळ्या आशियाला वाट सापडली.

भारतात या कामाला कायद्याचे अधिष्ठान १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाले. तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन होती. तिसरे हिमाचल प्रदेश. या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. १९९८ मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या एका बाळाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला. देशातले ते पहिले यशस्वी बाल यकृत प्रत्यारोपण. ते बाळ मोठे होऊन डॉक्टर झाले. लंडन, पिट्सबर्ग, क्योटो अशा ठिकाणी शिकून आलेल्या भारतीय सर्जननी पुढच्या दोन दशकांत चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, मुंबई, पुणे, नागपूर येथे पथके उभी केली. जिवंत दात्याकडून होणाऱ्या यकृत प्रत्यारोपणात भारत आज जगात आघाडीवर आहे.

रुग्णाच्या निवडीपासून सर्जनचे प्रत्यक्ष काम सुरू होते. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा वेळ दाखवणारा आयएनआर यांवरून मेल्ड नावाचा गुणांक काढतात. तो ६ ते ४० असतो आणि पुढच्या तीन महिन्यांत रुग्ण दगावण्याचा धोका सांगतो. आकडा साधारण १५ च्या वर गेला की प्रत्यारोपणाचा विचार गंभीरपणे होतो. पण निर्णय आकड्यावर सोडून चालत नाही. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, दडलेला जंतुसंसर्ग, कर्करोगाचा प्रसार, स्नायूंची झीज हे सगळे तपासावे लागते. दारूमुळे आजार झाला असेल तर रुग्णाने ती सोडली आहे का आणि घरचे त्याला सांभाळतील का, हेही मानसोपचारतज्ज्ञ पाहतात. फार लवकर शस्त्रक्रिया केली तर रुग्णाला विनाकारण धोका पत्करावा लागतो. फार उशीर केला तर नवे यकृत बसूनही शरीर उभारी धरत नाही. नातेवाईक हात जोडून उभे असताना ‘यांना हे झेपणार नाही’ असे सांगणे हा या कामातला कठीण भाग आहे. तरीही ते योग्य वेळी सांगणाऱ्या सर्जनवरच विश्वास ठेवावा.

दात्याची तपासणी याहून कडक असते. वय साधारण १८ ते ५५, रक्तगट जुळणारा आणि कायद्याने ठरवलेल्या जवळच्या नात्यातला माणूस असा सामान्य नियम आहे. आई-वडील, मुले, भावंडे, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडे यांचा त्यात समावेश होतो. नात्याबाहेरच्या दात्याला शासनाच्या प्राधिकार समितीची परवानगी लागते. मूत्रपिंडासारखी ऊतींची जुळणी यकृताला लागत नाही, रक्तगट जुळला की पुरते. सीटी स्कॅनवरून यकृताच्या दोन्ही भागांचे आकारमान मोजतात. रुग्णाला मिळणारा भाग त्याच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के असावा लागतो. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला किमान ४८० ग्रॅम. त्याच वेळी दात्याकडे त्याच्या यकृताचा निदान ३० ते ३५ टक्के भाग राहिला पाहिजे. हे दोन्ही हिशेब जमले नाहीत, तर त्या दात्याला परत पाठवतात. यकृतात चरबी असेल तर काही आठवडे आहार-व्यायाम करून वजन उतरवायला सांगतात. उजवा भाग देणाऱ्या दात्याचा मृत्यू हजारांत काही जणांच्या बाबतीत होतो. धोका कमी असला तरी शून्य नाही, आणि दात्याला हे एकट्याला बसवून स्पष्ट सांगावे लागते. घरच्यांच्या दडपणाखाली आलेल्या दात्याला ‘वैद्यकीय कारणाने तुम्ही चालणार नाही’ असे सांगून सन्मानाने माघारी फिरू देणे, ही चांगल्या केंद्रांची रीत आहे. भारतात दात्यांमध्ये बायका, आया आणि बहिणींचे प्रमाण मोठे आहे, म्हणून ही काळजी इथे अधिकच महत्त्वाची ठरते.

मरणोत्तर दानाची वाट वेगळी आहे. अपघात किंवा मेंदूतील रक्तस्रावानंतर रुग्णाचा मेंदू कायमचा बंद पडला, पण व्हेंटिलेटरवर हृदय चालू आहे, अशा अवस्थेत चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू जाहीर करते. प्रत्यारोपण करणारा सर्जन या मंडळात असू शकत नाही. नातेवाइकांनी संमती दिल्यावर यकृत कोणाला द्यायचे हे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती प्रतीक्षायादीनुसार ठरवते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशा समित्या आहेत. त्यानंतर सर्जनचे एक पथक दात्याच्या रुग्णालयात जाते, यकृत डोळ्यांनी पाहून आणि हाताने चाचपून ते वापरण्याजोगे आहे का ते ठरवते. थंड द्रावणाने धुऊन बर्फात ठेवलेले यकृत साधारण बारा तासांच्या आत बसवावे लागते. रस्त्यावर पोलीस जे ‘ग्रीन कॉरिडॉर’ करतात ते या घड्याळासाठी.

जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणात शेजारशेजारच्या दोन थिएटरमध्ये दोन पथके एकाच वेळी काम करतात. दात्याकडे प्रथम पित्ताशय काढतात, मग यकृताचा पृष्ठभाग आखून अल्ट्रासोनिक उपकरणाने पेशी हळूहळू बाजूला सारत आतल्या नळ्या उघड्या करतात. प्रत्येक बारीक शिरेला क्लिप किंवा टाका घालूनच पुढे जायचे असते. पित्तनलिका नेमकी कुठे कापायची, यात दोन-तीन मिलिमीटरची चूकही दात्याला आयुष्यभराचा त्रास देऊ शकते, म्हणून तिथे थांबून क्ष-किरणाने खात्री करतात. दुसऱ्या थिएटरमध्ये रुग्णाचे आजारी यकृत सोडवण्याचे काम चालू असते. पोर्टल शिरेतला दाब वाढल्याने पोटात सगळीकडे फुगलेल्या शिरांचे जाळे असते, रक्त गोठत नसते आणि आधीच्या शस्त्रक्रियेमुळे सगळे एकमेकांना चिकटलेले असू शकते. अनुभवी सर्जन सहसा याच टप्प्याला सर्वांत अवघड म्हणतात.

यकृत बाहेर आले की रुग्ण काही काळ यकृताविना असतो. त्या वेळात दात्याकडून आलेला भाग थंड द्रावणाने धुऊन मांडतात, आधी यकृताची शीर महाशिरेला, मग पोर्टल शीर जोडतात. त्यानंतर भूलतज्ज्ञाला विचारून चिमटे सोडतात. थंड, पोटॅशियम आणि आम्ल साठलेले रक्त एकदम हृदयाकडे जाते. रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाचे ठोके अडखळू शकतात, म्हणून भूलतज्ज्ञ औषधे हाताशी धरूनच असतो. मातकट, फिकट पडलेले यकृत काही क्षणांत गुलाबी आणि टणक होते. मग धमनीचा जोड येतो. दोन ते तीन मिलिमीटर व्यासाची ही धमनी सूक्ष्मदर्शकाखाली किंवा भिंगाच्या चष्म्यातून, केसाहून बारीक धाग्याने शिवतात. एक टाका वाकडा पडला तर तिथे गुठळी होते आणि यकृत जाते. शेवटी पित्तनलिका जोडतात. कापलेल्या नळीच्या तोंडाशी सोनेरी पित्ताचे थेंब दिसू लागले, की नवे यकृत काम करू लागले आहे, हे कोणत्याही यंत्राआधी कळते. हे सगळे व्हायला आठ ते बारा तास लागतात, कधी त्याहून अधिक.

पुढचे दोन आठवडे धोक्याचे असतात. धमनीत गुठळी झाली का, हे पाहण्यासाठी रोज डॉप्लर तपासणी होते. झाली तर तातडीने पुन्हा पोट उघडावे लागते आणि काही वेळा दुसऱ्या यकृताची गरज पडते. बसवलेला भाग लहान पडला तर पोर्टल शिरेचा जोर त्याला सोसत नाही. पित्त गळणे किंवा जोड आवळणे या तक्रारी जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणात जास्त आढळतात आणि बहुतेक वेळा एन्डोस्कोपीने सुटतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी झाली तर शरीर यकृत नाकारू लागते, जास्त झाली तर जंतुसंसर्ग होतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी पाहत हा समतोल आयुष्यभर राखावा लागतो. औषध ठरल्या वेळी घेणे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही जडीबुटी किंवा गोळी न घेणे, ताप आला की त्याच दिवशी कळवणे, या तीन गोष्टी रुग्णाच्या हातात असतात. त्या पाळल्या तर चांगल्या केंद्रांत दहापैकी नऊ रुग्ण पहिले वर्ष पार करतात आणि बरेच जण पुन्हा नोकरी-धंद्याला, शेतीला, शाळेला लागतात. प्रत्यारोपणानंतर कित्येक स्त्रिया आईही झाल्या आहेत.

असा सर्जन घडायला वेळ लागतो. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, शल्यचिकित्सेतील एमएसची तीन, पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियेतील एमसीएच किंवा डीआरएनबीची तीन आणि त्यानंतर एखाद्या मोठ्या केंद्रात प्रत्यारोपणाची फेलोशिप. स्वतंत्रपणे दात्याचे ऑपरेशन करायला मिळेपर्यंत बहुतेकांची पस्तिशी उलटलेली असते. आणि एवढे शिकूनही हे काम एकट्याचे होत नाही. यकृतविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आयसीयूचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, रक्तपेढी, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि प्रत्यारोपण समन्वयक या साखळीतली एक कडी कच्ची असली तरी उत्तम हाताचा सर्जनही हतबल होतो. दूरच्या रुग्णालयातून मध्यरात्री यकृत मिळाल्याचा फोन आला, की ही सगळी माणसे तासाभरात कामाला लागतात.

तंत्र पुढे जातच आहे. दात्याचे ऑपरेशन आता लॅपरोस्कोप किंवा रोबोटच्या साहाय्याने लहान छेदांतून होऊ लागले आहे. बाहेर काढलेले यकृत शरीराच्या तापमानाला रक्तप्रवाह देऊन जिवंत ठेवणारी यंत्रे परदेशात रूढ झाली आहेत, त्यामुळे पूर्वी टाकून दिली जाणारी काही यकृते वापरता येतात. रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांनी आपापसांत दात्यांची अदलाबदल करण्याला २०११ च्या कायदादुरुस्तीने वाट करून दिली. पण खर्चाचा प्रश्न कायम आहे. खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया वीस लाखांच्या घरात किंवा त्यापुढे जाते आणि औषधे जन्मभराची. मुख्यमंत्री साहाय्यता निधी, धर्मादाय संस्था आणि लोकवर्गणी यांवर अनेक कुटुंबांची भिस्त असते. सरकारी रुग्णालयांत ही सेवा वाढल्याशिवाय सामान्य माणसाला ती खऱ्या अर्थाने मिळणार नाही.

याहून मूलभूत प्रश्न अवयवांचा आहे. देशात सर्व अवयवांची मिळून २०१३ मध्ये ५,००० च्या आत प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये हा आकडा १८,००० च्या वर गेला. ही वाढ मोठी आहे, पण तिचा बहुतांश भार जिवंत दात्यांनी उचलला आहे. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे ४० हून अधिक मरणोत्तर दाते मिळतात, भारतात एकही पुरता मिळत नाही. मरणोत्तर दान वाढेल तेवढी निरोगी माणसांवर सुरी चालवण्याची वेळ कमी येईल, आणि ज्याच्या घरात कोणी योग्य दाता नाही त्यालाही जगण्याची संधी मिळेल. सर्जनच्या कौशल्याने हा प्रश्न सुटणार नाही, तो घराघरांत सुटायचा आहे. अवयवदानाचा अर्ज भरणे चांगलेच; पण आयसीयूच्या दाराशी संमतीची सही करतात ते नातेवाईक. म्हणून प्रत्येक वाचकाने आपली इच्छा आपल्या माणसांना आजच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी.